घंटीत कोंबलेली लोकर

जावयाचं खोगीर डेझबानं सकाळी सकाळीच उचललं आणि उन्हाळ्यात राहायच्या फांद्यांच्या मांडवाबाहेर नेऊन टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. त्सेयीच्या दरीत पुरुषाचं खोगीर दाराबाहेर दिसलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. घर बायकोचं, मळा बायकोच्या आईचा. पुरुषानं ते खोगीर निमूट खांद्यावर घ्यायचं आणि आपल्या आईच्या गावची वाट धरायची. डेझबाच्या थोरल्या मावशीनं असे तीन नवरे वाटेला लावले होते. चौथ्याचं खोगीर उचलायला तिच्या हातात बळ उरलं नाही म्हणून तो टिकला.

खरं तर लेकीनं, लोरेटानं, आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"आधी स्वतःच्या कानांनी ऐकून ये. हर्मन गोऱ्यांना कोल्ह्याच्या गोष्टी सांगतो असं कुणीतरी तुझ्या कानात घातलं, म्हणून मी माझा संसार मोडू का?"

"कुणीतरी नाही. माझ्या सख्ख्या चुलत बहिणीनं सांगितलंय."

"त्या मावशीला तर तिच्या शेळ्याही शिव्या देतात असं वाटतं."

"ऐन उन्हाळ्यात कोल्ह्याची गोष्ट, लोरेटा! साप जागे असताना! घरात दोन लेकरं आहेत तुझी."

कोल्ह्याच्या गोष्टी थंडीच्या. साप बिळात गेले, अस्वलं झोपली, विजेचा कडकडाट थांबला, की मग शेकोटीपाशी बसून त्या तोंडातून काढायच्या. जो उन्हाळ्यात काढेल त्याच्या घरात साप शिरतो, आणि साप काही गोष्ट सांगणाऱ्यालाच शोधून चावत नाही. ही गोष्ट लोरेटाही मानत होती, जरी ती शाळा शिकली होती आणि ट्रक चालवत होती.

"तसं असेल तर ठेव खोगीर बाहेर," ती शेवटी म्हणाली. "मी हूं की चूं करणार नाही. पण ऐकून आल्यावर. आणि एक सांगून ठेवते आई, एकदा तू ते बाहेर ठेवलंस की मी आत आणणार नाही. रोजचा हा तमाशा मला नको."

ऐकून यायचं आणि मग ठेवायचं म्हणजे दोन वेळा जीव दमवायचा. काय ऐकू येणार ते डेझबाला आधीच ठाऊक होतं. लोरेटा लेकरांना आणि शेळ्यांना घेऊन वरच्या चढाला गेली, हर्मन तर कालपासून कड्यावरच होता, दरी बघायला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना वाट दाखवत खाली आणायला. मांडवात कुणी नाही असं पाहून डेझबानं ते खोगिराचं काम उरकून टाकलं आणि कुत्र्याला घेऊन ओढ्याच्या पलीकडच्या झाडीतून पुढं निघाली. कुत्र्याचं नाव शाश, म्हणजे अस्वल. अंगानं तसाच, अकलेनं त्याहून कमी.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रह निदान आकाशात दिसतात. डेझबानं आपल्या जावयाचं तोंड अजून पाहिलेलं नव्हतं. सासूनं जावयाचं तोंड पाहिलं तर तिचे डोळे जातात, आणि जावयानं तिचं पाहिलं तर त्याचं डोकं फिरतं. लग्नातसुद्धा ती घोंगडीआड बसली होती. याचं डोकं तर न पाहताच फिरलेलं आहे, असं तिचं मत होतं, आणि ते ती जेवताना, विणताना, मेंढ्या कातरताना लेकीला ऐकवत असे. सपाटीवरचा माणूस. जिथं वाऱ्याशिवाय काही पिकत नाही तिथला. नाकाचा पत्ता नाही, पण अवगुण सगळे पाठ.

तिच्या कमरपट्ट्याला आईकडून आलेली चांदीची घंटी होती. सासू चालली की घंटी वाजायची, जावयानं ती ऐकून वाट सोडायची, अशी जुनी रीत. मग दोन उन्हाळ्यांमागं हर्मननं ट्रक ओढ्याच्या वाळूत घातला. ही वाळू वरून टणक आणि खाली भिजवलेल्या पिठासारखी. दरीतलं शेंबडं पोरसुद्धा आधी काठी खुपसून बघतं आणि मगच पाय टाकतं. हे महाशय शीळ घालत थेट आत गेले. ट्रक दरवाज्यापर्यंत खचला, आणि ट्रकमध्ये डेझबाची वर्षाची लोकर होती. त्या संध्याकाळी तिनं चिखलातून वाचलेल्या लोकरीचा एक बोळा केला आणि घंटीत कोंबला. घंटी वाजवायची ती माणसासाठी, असल्या ठोंब्यासाठी कशाला वाजवायची?

घंटी मुकी झाली तरी अडलं काही नाही. हर्मनच एवढा आवाजी होता की तो कुठं आहे हे दरीच्या दोन्ही भिंतींना कळत असे. शीळ, गाणं, घोड्याला शिव्या, रिकाम्या डब्यावर ठेका. माणूस कसला, ताशा. आधी एवढा नव्हता म्हणा, पण काहींचा मूर्खपणा वयाबरोबर वाढतो.

आज मात्र त्याचा आवाज उशिरा आला. डेझबा पहिल्या वळणावरच्या झाडीत दबा धरून बसली होती. गोऱ्यांची बडबड जवळ आली, पण त्यात शीळ नव्हती, गाणं नव्हतं. मग वाळूत पावलं थांबली, कुणीतरी घसा खाकरला, आणि हर्मन एकदम बैल हाकल्यासारखा गायला लागला. रात्री प्यायला असेल, डेझबानं ठरवून टाकलं. खाली मान घालून ती फक्त बूट बघत होती. सगळ्यात पुढचे, हर्मनचे जुने, टाचा झिजलेले बूट आले की डोळे मिटायचे, ते गेले की उघडायचे.

त्यामागचे बूट बघण्यासारखे होते. पिवळे, गुलाबी, काही तर रात्री चमकणारे. गोरी माणसं तिला आयुष्यभर समजली नाहीत आणि समजून घ्यायची तिला इच्छाही नव्हती. शेळी हरवलेली नाही, नातलग आजारी नाही, पलीकडं कुणाचं लग्न नाही, तरी ही माणसं पैसे देऊन उन्हात चालतात आणि संध्याकाळी जिथून निघाली तिथंच परत जातात. पाठीवरच्या नळीतून पाणी ओढतात, जणू अजून दूध सुटलेलं नाही. एकानं, ज्याला बाकीचे डॉक्टर म्हणत होते, दोन हातांत दोन काठ्या घेतल्या होत्या. पाय दोन्ही शाबूत. जांभळ्या टोपीची एक बाई दर दहा पावलांवर "बापरे!" म्हणत होती. दगडाला बापरे, झाडाला बापरे, घोड्याच्या लेंड्यांनाही बापरे.

दरी वळत गेली तशी डेझबा पलीकडच्या काठानं वळत गेली. दुपारी पडक्या घरांच्या कपारीखाली सावलीत गोरे जेवायला बसले. ती घरं फार जुन्या लोकांची. तिथं कुणी पाऊल टाकत नाही, मेलेल्यांच्या दारात आपलं काय काम? डेझबा समोरच्या खडकामागं जाऊन बसली. इथं भिंत आवाज परत फेकते, कुजबुजही ऐकू येते. इंग्रजी तिला येत होतं. सरकारी शाळेत छडी खाऊन शिकलेलं इंग्रजी ती विसरली नव्हती; फक्त येतं हे तिनं कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"कोल्ह्याची एखादी गोष्ट सांगा ना," जांभळी टोपी म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीला सांगितली होती म्हणे तुम्ही."

आलं! डेझबानं शाशच्या मानेचे केस मुठीत धरले. सांग मेल्या, सांग एकदाची.

"कोल्ह्याची थंडीत. बर्फ पडलं की या," हर्मनचा आवाज आला.

"थंडीत आम्ही समुद्रकाठी असतो."

"मग कोल्ह्याची आणि तुमची गाठ नाही बाई."

"चार पैसे जास्त घ्या हवं तर," काठ्यांचा डॉक्टर म्हणाला.

डेझबा मनात म्हणाली, आता बघा, कोल्हा काकडीला राजी.

"तुमच्या मैत्रिणीला सांगितली ती वेगळ्याच जनावराची," तो म्हणाला. "ती सांगतो. या दरीत एक जनावर आहे. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहतो, पण त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. आणि आज शेवटची सांगतोय हं. पुन्हा कुणाला नाही सांगणार."

धंद्याचं बोलणं, डेझबानं नाक मुरडलं. उद्याच्या गोऱ्यांनाही हेच सांगेल.

"फक्त त्याची शेपटी दिसते. दाराआड जाता जाता. हिरवी, घेरदार."

डेझबानं आपल्या हिरव्या घागऱ्याकडं पाहिलं.

"दोन बगलांत दोन मेंढ्या घेऊन ते ओढा ओलांडतं. त्याला इंग्रजी येतं, पण आम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या हातची रोटी मी रोज खातो. पातळ आली तर राग थोडा. जाड आणि करपलेली आली की त्या दिवशी मी शेळ्यांत झोपतो."

गोरे खिदळले. "चावत नाही तुम्हाला?" कुणीतरी विचारलं.

"माझं नाव काढलं की थुंकतं. आणि तेच बरं आहे. ज्या सासूला जावई आवडतो, तिला एक दिवस वाटतं, बघू तरी कसा दिसतो. वाकून बघते आणि डोळे घालवून बसते. माझ्या सासूचे डोळे शंभर वर्षं टिकतील."

"अय्या, सासू होय!" जांभळी टोपी किंचाळली, आणि सगळी दरी हसली. भिंतीनं ते हसणं उचललं आणि डेझबाच्या तोंडावर आणून फेकलं.

"पूर्वी तिची घंटी वाजायची," हर्मन सांगतच होता. "मग मी तिची लोकर बुडवली आणि घंटी बंद झाली. बरोबरच आहे, लोकर तिची होती. पण घंटी नसली तर एखाद्या कोपऱ्यावर आम्ही समोरासमोर येणार आणि म्हातारीचे डोळे जाणार. ती काही आवाज करायची नाही, हट्टी आहे. मग कुणीतरी करायला नको का? मला गाता येत नाही, शीळही धड जमत नाही. तरी करतो. घोडासुद्धा वैतागलाय."

हे शेवटचं डेझबाच्या कानात शिरलं, पण मनापर्यंत पोचलं नाही, कारण मनात रागाशिवाय कशाला जागा नव्हती. जनावर! शेपटी! रात्रंदिवस रोट्या थापून घातल्या त्याचं हे फळ. चमकणाऱ्या बुटांची माणसं तिला हसत होती, तिला, जिच्या पणजीनं या दरीत सुपारीएवढ्या पीचच्या बिया रुजवल्या होत्या. ती उठली आणि तरातरा घराकडं निघाली. वाटेत तिनं लोरेटाला काय सांगायचं ते ठरवलं. 'सांगितली' एवढा एकच शब्द पुरे होता. कुणाची सांगितली ते लोरेटा विचारणार नाही. आणि विचारलंच तर? जनावराचीच होती की. हे काही अगदी खोटं नव्हतं, आणि अगदी खरं नव्हतं हे डेझबाला चांगलं कळत होतं. तरी ती तेच सांगणार होती.

रागाच्या भरात तिनं जवळची वाट धरली, ओढ्यातून आरपार. काठी खुपसून बघितली नाही. बरोबर काठी नव्हतीच. चार पावलं टणक लागली, पाचव्याला वाळूनं घोटा धरला, सोडवायला दुसरा पाय रेटला तर तोही गेला, आणि बघता बघता बाई मांड्यांपर्यंत आत. हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. ट्रकला निदान इंजिन होतं.

आधी तिला फक्त लाज वाटली. मग वरच्या अंगाला, ओढ्याच्या उगमाकडं, काळंकुट्ट आभाळ दिसलं आणि त्याखालून गुरगुर ऐकू आली, तेव्हा भीती वाटली. तिकडं पाऊस पडतो, आणि इथं कोरड्या ओढ्यातून पाणी येतं. तिच्या एका काकाला असंच नेलं होतं. पाण्याची पहिली पातळ जीभ काटक्या आणि फेस घेऊन वाळूवरून सरकत येतही होती. शाश काठावर उभा राहून शेपूट हलवत होता.

हाक मारायची तर कुणाला? जावयाला सासू हाक मारत नाही, नावही घेत नाही. डेझबानं कमरपट्टा चाचपला, नखानं घंटीतला लोकरीचा बोळा उपसून काढला आणि घंटी जोरजोरात हलवली. दोन वर्षांनी ती वाजली, आणि खणखणीत वाजली.

वळणापलीकडून येणारी गोऱ्यांची बडबड एकदम थांबली.

"तोंडं भिंतीकडं करा!" हर्मन ओरडला. "सासूबाई येतायत! कुणी बघू नका. डॉक्टर, तुम्हीसुद्धा. असंच भिंतीला धरून मागं चला. चला, चला, वाट द्या त्यांना."

आणि ती सगळी रंगीत बुटांची वरात उलटी फिरून लांब जाऊ लागली. डेझबानं घंटी आणखी जोरात वाजवली. पावलं आणखी भराभर पडू लागली. जेवढी ती वाजवी तेवढा तो गाढव आदरानं दूर पळे! आयुष्यात एकदा त्याला रीतभात आठवली होती, ती नेमकी आज. पाणी तिच्या घागऱ्याला लागलं तेव्हा तिनं घंटी सोडली आणि कुत्र्यावर तोंड सोडलं.

"शाश! मेल्या, बघत काय उभा आहेस? तुझी मालकीण वाळूत चाललीय आणि तू शेपूट हलवतोस? दोर आण म्हणावं कुणाला तरी! अकलेचा कांदा! घंटी वाजली की पळायचं एवढंच शिकवलंय का तुझ्या आईनं तुला?"

लेकी बोले, सुने लागे. पावलं थांबली.

"शाश," लांबून हर्मनचा आवाज आला, "कुठवर गेलीय, विचार."

"कमरेच्या जरा खाली. आणि पाणी येतंय म्हणून सांग, शाश."

"शाश, तिला म्हणावं पाय झाडू नको. मागं रेल, लोकरीच्या गठ्ठ्यावर रेलतात तशी."

"लोकरीचं नाव काढू नको म्हणावं!"

पण ती रेलली. मग दगडांवर घसरत्या बुटांचा आवाज आला. हर्मन येत होता, पाठमोरा, एकेक पाऊल मागं टाकत, खांद्यावर दोर घेऊन.

"शाश, त्या बैलाला सांग डावीकडं. डावीकडं! हे उजवं झालं. आता पुढं दगड आहे."

सांगेपर्यंत तो दगडाला अडखळून बसला होता. उठला, पुन्हा मागं आला, काठाच्या टणक जागी थांबला आणि खांद्यावरून दोराचा फास मागं फेकला. तिसऱ्या फेकीला तो तिच्या हाताशी पडला. तिनं तो काखेखाली घेतला. हर्मननं दोर छातीवरून घेतला आणि नांगराच्या बैलासारखा पुढं वाकला.

तेव्हा डेझबानं त्याची पाठ पाहिली. पाठ बघायला कसलाच दोष नाही, पण इतक्या वर्षांत तेवढीही तिनं पाहिली नव्हती. मनात तिनं एक जाडा, गलेलठ्ठ, लाल मानेचा माणूस धरला होता आणि त्यालाच ती रोज शिव्या देत आली होती. हा तर काटकुळा निघाला. खांद्यावर सदरा फाटला होता आणि काळ्या दोऱ्यानं, पुरुषानं घालावेत तसे वेडेवाकडे टाके घालून शिवला होता. मानेवरचा केसांचा बुचडा पांढरा व्हायला लागला होता. एवढा सगळा आवाज एवढ्याशा माणसातून निघत होता.

वाळूनं आधी एक पाय सोडला, मग जोडा ठेवून घेऊन दुसरा. डेझबा पोटावर सरपटत काठावर आली आणि शाशनं तिचं तोंड चाटलं. पाठीमागून पाणी धडधडत गेलं, ती होती त्या जागेवरून. हर्मननं हातातला दोर खाली सोडला. वळला नाही.

"शाश, तिला घरी ने," तो म्हणाला. "ओढा उतरेपर्यंत मी यांना वर घेऊन बसतो."

आणि तो गेला. गाणं नाही, शीळ नाही. डेझबाही काही बोलली नाही. कुत्र्यालासुद्धा नाही.

एका जोड्यावर लंगडत ती घरी पोचली तेव्हा पावसाची सर मांडवावरून येऊन गेली होती. लोरेटा चुलीपाशी निथळत्या लेकरांचे केस पुसत होती. खोगीर बाहेर जिथं टाकलं तिथंच पडलं होतं, कातड्यावर पाणी साचलेलं.

लोरेटानं आईकडं पायापासून वर पाहिलं. चिखल, एक जोडा, काखेत दोराचा वळ. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"सांगितली का त्यानं कोल्ह्याची गोष्ट?"

तो एक शब्द डेझबाच्या तोंडात तयार होता. सबंध वाट तिनं तो घोळवला होता.

"नाही," ती म्हणाली. "गोरे पैसे देत होते, तरी नाही."

"मग हे खोगीर बाहेर कसं आलं?"

"मला वाटलं होतं सांगेल म्हणून."

"वाटलं होतं." लोरेटानं फडकं पिळलं. "मी वरच्या चढावरून बघत होते, आई. सकाळी तो गोऱ्यांना घेऊन इथून गेला. खोगीरापाशी थांबला. टोपी काढून उभा राहिला. मला खाली यायला तोंड नव्हतं, मीच तर तुला हो म्हटलं होतं. मग गोऱ्यांनी हाका मारल्या आणि तो त्यांच्यामागं गेला."

डेझबा चुलीपाशी बसायला वाकली होती, ती तशीच राहिली. आज शेवटची सांगतोय हं. सकाळी वळणावर गाणं नव्हतं आणि मग एकाएकी सुरू झालं होतं. वाळूत त्यानं तिच्या पायाचे आणि कुत्र्याचे ठसे पाहिले असणार. घरातून काढून टाकलेला माणूस, तरी तिच्या डोळ्यांसाठी दिवसभर ओरडत चालला. आणि ओढ्यात पाठ करून आला. खोगीर बाहेर पडल्यावर ती त्याची सासू राहिली नव्हती. तो सरळ तोंड करून येऊ शकला असता, दोर हातात देऊ शकला असता, चांगल्या दोन शिव्या घालू शकला असता. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की लेकीसमोर कुठं बघावं कळेना.

"जा, आत आण ते," ती म्हणाली.

"मी नाही हात लावणार. तुला सांगितलं होतं. मी शब्दाची आहे, तुझीच लेक."

बाहेर गोऱ्यांची बडबड ऐकू आली. बापरे, चिखल! बापरे, पूर! मांडवावरून ते वाटेला लागले, काठ्यांची टकटक कड्याच्या चढावर गेली आणि विरली. त्यांच्यामागं शीळ येईल म्हणून डेझबा कान देऊन राहिली. शीळ आली नाही. डबा वाजला नाही, घोड्याला शिवी नाही. मग अगदी जवळ, खोगीर पडलं होतं तिकडं, खडीवर टाचा झिजलेल्या बुटांची पावलं वाजली. तो न सांगता, न आवाज करता आला होता, परक्याच्या घरावरून परका जातो तसा. कातडं करकरलं. तो खोगीर उचलत होता.

डेझबानं पाठ फिरवली, डोळे गच्च मिटले आणि कमरेची घंटी मुठीत धरून हलवली. थांबली नाही, हलवत राहिली.

पावलं जागीच थबकली. मग खडीवर टाचा फिरल्याचा आवाज आला. त्यानं तोंड फिरवलं होतं.

"शाश," डेझबा खेकसली, आणि तिचा आवाज जरा फाटला, "त्या मूर्खाला सांग, खोगीर भिजून भिजून कुजेल. आत नेऊन खुंटीला लाव म्हणावं. मी काय त्याची हमाल आहे? आणि रोटी करपलीय म्हणून सांग, आहे तशी खायची."

कातडं पुन्हा करकरलं आणि पावलं मांडवाला वळसा घालून गेली. मग मांडवाच्या मागच्या बाजूनं शीळ आली. अगदी बेसूर होती.